शहनाजच्या पंपाचं तेल

काच फुटली तवा शहनाज माझ्याखाली होती आणि माझ्या पाठीत काचा घुसल्या होत्या, तिच्या पंपाच्या काचा, माझ्या नाय. कान बंदच पडले. खाली तिचं तोंड उघडं दिसत होतं, वरडत असावी, मला ऐकू काय येत नव्हतं. आणि काय सांगू तुम्हाला, तशात माझी नजर कुठं गेली असंल तर टेबलाखाली, फरशीवर ठेवलेल्या तिच्या पंपाकडं. पंप धडधडतच होता. तेल मधासारखं स्वच्छ.

मी हर्सूलची, जन्म पोलीस ॲक्शननंतरचा, शाळा चौथीपर्यंत. नवरा गेल्यावर कॉलेजात रोजंदारीवर लागले, रसायनाच्या प्रयोगशाळेत, आधी काचेची भांडी धुवायला, मग पंप सांभाळायला. हवा ओढायचा पंप. भांड्यातली हवा ओढून घेतो, मग औषध लवकर वाळतं. पण हवेबरोबर औषधाची वाफबी येते, ती तेलात उतरली की तेल ताकासारखं पांढरं होतं, नायतर काळं, आणि पंप ओढीनासा होतो. म्हणून भांडं आणि पंपाच्या मधी काचेची एक नळी असते, ती गार ठेवायची, म्हणजे वाफ तिथंच गोठते. पंपाला पुढून छोटी खिडकी असते, तिच्यातून तेल दिसतं. आमची सगळी अब्रू त्या खिडकीत.

शहनाज गुलमंडीतल्या कापडवाल्याची पोरगी, दहावी झालेली. आली माझ्या मागून आणि पंप तिला नवा. तिच्या नळीखाली थर्मास, त्यात द्रव नायट्रोजन, नुसता धूर धूर, गुलाब बुडवला तर काचेसारखा फुटंल असा गार. माझ्या नळीला बर्फ आणि मीठ. प्रयोगशाळेच्या सरांना म्हटलं, मलाबी द्या थोडं. सर म्हणाले, तुमचं काम बर्फावर भागतं. भागतंय डोंबल. माझं तेल सारखं बदला, कोपरापर्यंत हात काळे करा, आणि तिचं बघावं तर सोनं. रोज सकाळी मी आधी तिच्या पंपात डोकवायचे, मग माझ्या. ती हसायची. अगे कौसाबाई, अपना तेल देखो ना, मेरे में कायकू झाँकते? मी म्हणायचे, तुझं कधी घाण होतंय ते बघते.

मग कायमची एक जागा निघाली. एकच. सर म्हणाले, जिचा पंप नीट तिचं नाव पुढं पाठवतो. दोघींची झोप उडाली.

काम संपलं की पंप थोडा वेळ नुसत्या हवेवर चालवायचा, म्हणजे तेलात गेलेली वाफ निघून जाते. पण तिनं त्याच्या आधी थर्मास काढायला पाहिजे, नायतर हवेतला प्राणवायू त्या गारव्यानं नळीत पाण्यासारखा साठतो, निळसर, आणि तिथं गोठलेल्या औषधात मिसळला की बाँबच. सरांनी दोघींना बजावलं होतं, निळं दिसलं की हात लावायचा नाय, पळायचं. त्या दुपारी तिनं थर्मास तसाच ठेवला. म्हटली असंल, तेवढीच वाफ कमी जाईल तेलात. मला हरवायचं होतं ना तिला.

मी नेहमीसारखी वाकून तिचं तेल बघत होते, जीव जळत होता. ती वरून म्हणाली, देख लिया? हो गया दिल ठंडा? आणि थर्मास खाली घेतला. मी मान वर केली तर नळीच्या तळाला बोटभर निळं. मी तिची वेणी धरली आणि दाराकडं ओढली. तिला वाटलं मी भांडायलाच उठले. छोड, पागल हुई क्या, म्हणत माझ्या हाताला चावली. दोघी पडलो, आणि मग ते फुटलं.

जागा तिलाच मिळाली. दहावी होती आणि तेलबी स्वच्छ होतं. मी हात थरथरायला लागेस्तोवर रोजंदारीवर, बर्फ आणि मीठ. लोक म्हणतात, कौसाबाई, मन मोठं तुमचं. कुठलं मोठं? मला तिच्या पंपात डोकवायची खोड नसती तर ते निळं दिसलंच नसतं.

आता तिला पेन्शन आहे, पोरगा शेंद्र्याला कारखान्यात साहेब आहे. ईदला शीरखुर्मा घेऊन येते, माझ्या पाठीवरचे वण बघते आणि रडते. शीरखुर्माबी लई चांगला करते, तेबी मला बघवत नाय. खाते मात्र सगळा.

त्या दुपारी खोलीत आम्ही दोघीच होतो. दोघीबी जगलो.