काळा पडदाच हवा

ताई : मधल्या मशीनवर हे रंगीबेरंगी काय दिसतंय?

धाकटा : खूश ना? तू बाहेर गेली होतीस तेवढ्यात नवं राउटर सॉफ्टवेअर टाकून दिलं. सगळं बटणांवर. दाबायचं आणि मोकळं व्हायचं.

ताई : आणि आधीचं?

धाकटा : ते पुसल्याशिवाय हे बसणार कसं?

ताई : पुसलंस? तीन आठवडे रोज कामावरून आल्यावर त्यात एकेक ओळ लिहीत होते मी!

धाकटा : अगं, काळा पडदा, पांढरी अक्षरं, एक टिंब चुकलं की सगळं ठप्प. भंगारातले तीन संगणक फळीवर मांडून सराव करायचाय ना? मग सोपं सॉफ्टवेअर घे. त्रेचाळिसाव्या वर्षी हा उपद्व्याप कशाला? बारा वर्षं नेटवर्क इंजिनिअर आहे मी. ऐक जरा माझं.

ताई : ऐकलं होतं. नेटवर्कच्या गेल्या परीक्षेला तूच हे निवडून दिलंस. चार महिने बटणं दाबली. प्रॅक्टिकलला समोर काय आलं? काळा पडदा. एक बटण नाही. चाळीस मिनिटं तो कर्सर लुकलुकत होता आणि मी त्याच्याकडे बघत होते. शेवटी परीक्षक बाई म्हणाल्या, वेळ संपली.

आई : त्या दिवशी आली ती जेवली नाही. तशीच भिंतीकडे तोंड करून पडली.

धाकटा : आई, तू मध्ये बोलू नकोस.

आई : का? तू नाही विचारता तिच्या मशीनला हात घातलास?

धाकटा : बरं बाई, हे नको. आमच्या ऑफिसात मोठ्या कंपनीचं आहे, त्याची कॉपी आणतो. कुणाला कळायचंही नाही.

ताई : मला कळेल की. चोरून आणलेलं नको. मला हवं तितक्या वेळा उजळ माथ्यानं मोडता येईल आणि पुन्हा उभं करता येईल, असं हवंय. तू पुसलंस ते फुकट आहे, त्याचं पुस्तकही फुकट आहे. ठरलंय माझं.

धाकटा : मग परीक्षाच सोड ना. मी बोलतो तुझ्या साहेबांशी. सुपरवायझर करतील.

ताई : खबरदार बोललास तर! अठरा वर्षं शिडीवर चढून छतातून वायरी ओढल्या मी. त्या वायरी ज्या खोलीत जातात, तिच्या दारापर्यंतच मी जायचे. आत बसलेली पोरं सांगणार, मावशी, तिसरी वायर बदला. आता गुडघे शिडीला नको म्हणतात. मला त्या खोलीत बसायचंय. आणि तुझ्या शब्दावर नाही, माझ्या परीक्षेवर.

धाकटा : परीक्षा बुधवारी. आज रविवार. तीन आठवड्यांचं काम परत कधी करणार?

ताई : आत्ता. आई, फ्रिजवरची वही दे गं.

आई : ही? अगंबाई, मुंग्या चालल्यात की काय पानावर!

ताई : प्रत्येक ओळ आधी वहीत, मग मशीनमध्ये. वायर ओढणाऱ्याची सवय आहे ती. दोन्ही टोकांना चिठ्ठी लावल्याशिवाय वायर हातातून सोडायची नाही.

धाकटा : म्हणून फळीवरच्या सगळ्या वायरींना शेपट्या फुटल्यात होय!

ताई : हस, हस. तू मघाशी जोडलेली निळी तेवढी बिनचिठ्ठीची आहे.

(पाऊण तासानंतर. मधल्या मशीनवर पुन्हा काळा पडदा.)

आई : ए, माझी मालिका थांबली! नुसतं गोल गोल फिरतंय.

धाकटा : घरचं नेटही यातूनच नेलंस? सरावाचं वेगळं ठेवतात गं.

ताई : मोडलं की आई ओरडते. आई ओरडली की चूक जन्मात विसरत नाही.

आई : मग हे बघ, ओरडतेय! चालू कर.

धाकटा : सरक, बघू दे. कुणालाही आत घेऊ नको, असा नियम लिहिलास आणि स्वतःला वगळायला विसरलीस! आता तुझा लॅपटॉपसुद्धा त्याच्या दारात उभा राहू शकत नाही. बटणांवाल्यानं आधी विचारलं असतं, नक्की ना म्हणून.

ताई : विसरले खरी. चूक माझीच.

धाकटा : मग ऊठ. स्क्रीन आण, कीबोर्ड आण, थेट मशीनलाच जोड.

ताई : बस खाली. कशालाही हात लावू नकोस.

धाकटा : अगं पण...

ताई : घड्याळाकडे बघ. पाच मिनिटं.

आई : पाच मिनिटांत मालिकेतली सून घर सोडून जाईल!

धाकटा : नुसतं बसून काय होणारे? हात जोडून का कुठं मशीन सुरू होतं?

ताई : तीन मिनिटं झाली.

धाकटा : हट्टीपणाची हद्द आहे.

आई : आलं! आलं गं! सून दारातच आहे अजून.

धाकटा : हे कसं झालं?

ताई : नियम लावतानाच त्याला बजावलं होतं, पाच मिनिटांत मी ‘ठीक आहे’ म्हटलं नाही, तर आधी होतं तसं कर. मीच बाहेर अडकले तर ‘ठीक आहे’ कुठून म्हणणार? म्हणून ते आपणहून मागे फिरलं.

धाकटा : हे मला माहीत नव्हतं. कुणी शिकवलं?

ताई : कुणी नाही. दोनदा अशीच बाहेर अडकले. तिसऱ्यांदा पुस्तक उघडलं.

आई : आणि बुधवारी पुन्हा गडबड झाली तर गं?

ताई : तर पुन्हा बसेन. पण या वेळी नापास झाले तर माझ्या हातांनी होईन, याच्या बटणांनी नाही.

धाकटा : चुकलं माझं. पुसायला नको होतं.

ताई : विचारायला हवं होतंस.

धाकटा : हो. ती निळी वायर काढून नेऊ का?

ताई : कशाला? चांगली चालतेय की. राहू दे.

धाकटा : मग पेन दे. आणि चिठ्ठी.

ताई : हे घे. दोन्ही टोकांना लाव.