थाळी वाजली पाहिजे

खेड्यातल्या दवाखान्याच्या रांगेत, यवतमाळहून भावाकडे आलेल्या शीलाबाईंच्या पुढं पंचफुला उभी होती. बाहेर कोवळ्या उन्हात तिची लेक पायल एकसारखी थाळी बडवत होती. त्या खणखणाटानं शीलाबाईंचं डोकं उठलं होतं.

"पायलची खाज कमी झाली का गं?" सिस्टरनं विचारलं.

"कायची कमी होते, सिस्टर? भाव नाही म्हून सारा कापूस घरातच भरला हाय. त्याच्यावरच झोपते पोरगी."

"म्हणून तर म्हटलं, दिवसभर बाहेर खेळू दे तिला."

"बाहेर वाघ हाय ना."

"दिवसाढवळ्या?"

"उकंडामामाले दिवसाच नेलं. उभ्या पराटीत कापूस वेचत होते. बाजूच्या ओळीत मानसं होती, कोनाले आवाजबी नाही आला."

"मग काय, कापसातच कोंडून ठेवशील लेकराला?"

"नाही. तुम्ही म्हनता म्हून सोडली बाहेर. फक्त हातात थाळी देल्ली. थाळी वाजते तोवर पोरगी हाय."

थाळी थांबली.

पंचफुला रांग सोडून अनवाणीच धावली. दारातच पायल आडवी आली.

"माय, हात दुखला वं."

"मंग दुसऱ्या हातानं वाजव."