झबल्याला खिसा

...नाही, पण झबल्याला खिसा असू नये असं कुठे लिहून ठेवलंय का, तुम्हीच सांगा. आमच्या हिचं आपलं एकच, "झबलां शिवलात तां शिवलात, वर खिसो कित्याक?" आता मी कापडाचा दुकानदार, मालवणच्या बाजारात खाली दुकान, वर घर... चष्मा मी ठेवायचा कुठे? बाळांना चष्मा नसतो म्हणून त्यांना खिसा लागत नाही, एवढाच काय तो फरक.

थांबा, पहिल्यापासून सांगतो. मला झाली नागीण. डॉक्टरांनी इंग्रजीत काहीतरी वेगळंच नाव सांगितलं, गोळ्या दिल्या, पण बाजारात झाली ती नागीणच. उजव्या बरगडीवर हे एवढे फोड, आणि बघायला येणारा प्रत्येक माणूस शहाळं टेकवून आधी काय विचारतो? "तोंड खंय आसा?" कोणाचं? तर नागिणीचं. "आणि शेपूट?" कारण तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस आटपला, अशी समजूत. म्हणजे मी कण्हतोय आणि मंडळी वाकून माझ्या अंगावर शेपूट शोधतायत, एकाने तर वितीने मोजून "अजून बरीच जागा आसा" असा धीरही दिला. बरं, फोड सुकले, खपल्या पडल्या, डॉक्टर म्हणाले, झालं, बरे झालात. पण झोंबणं राहिलं ना. कापड लागलं की कोणीतरी काथ्याने घासतंय असं वाटायचं. सदरा नको, बनियन नको, पंख्याचा वारासुद्धा जपून.

आता गंमत बघा. उभा जन्म मी गिऱ्हाइकाला एकच वाक्य सांगत आलो... हात लावून बघा. शाळेत मी फार गेलो नाही, पण कापड बोटांत धरलं की सांगेन, सूत कसलं, खळ किती, पहिल्या धुण्यात आटेल किती. आणि त्याच माझ्या दुकानातलं एक कापड माझ्या अंगाला सोसेना. खरं सांगतो, मला राग नाही आला, मला कुतूहल वाटायला लागलं. आमचा गुरुदास, दुकानातला जुना माणूस, त्याला म्हटलं, एकेक ठाण वर आण. आणलं. भारीतलं लिनन, हात लावून बघा... बोटाला लोणी आणि बरगडीला सुक्या सुंगटाचं, म्हणजे कोळंबीचं, साल. रेशीम म्हणाल तर थंडगार, पण शिवण आली की संपलं. होजियरी तर अशी चिकटली की सोडवायला दोन माणसं. म्हणजे बोटं इतकी वर्षं माझ्याशी खोटं बोलत होती? कापडातलं खरं कळतं ते बरगडीला, आणि बरगडीला दुकानात कोण विचारतो?

ही म्हणाली, "जुनो फाटको बनियन घाला आणि गप पडा." का म्हणून? आपल्याकडची ही रीत मला कधी उलगडलीच नाही बघा. बाहेर पडायचं तर कडक इस्त्री, आणि आजारी पडलो की भोकांचा बनियन, रंग उडालेली लुंगी, आणि नेमकं तेव्हाच अख्खं गाव बघायला येतं. आमचे गुरुप्रसाद मास्तर त्याच्या उलट. हिवतापाने कुडकुडतायत, आणि चादर सरकली तर आत पँट, पट्टा, खिशाला पेन. म्हटलं, मास्तर, हे काय? म्हणाले, "कोण येईल सांगता येत नाही." अहो, पण ताप त्या पट्ट्यातून बाहेर पडणार कसा? म्हणजे आरामात राहिलं तर भिकारी दिसायचं आणि नीट दिसायचं तर घुसमटायचं, मधलं काही नाहीच? मला तेच शोधून काढायचं होतं.

आणि सापडलं कुठे? जिच्याकडे मी वर्षानुवर्षं मान वळवली नव्हती त्या बाळंतविड्याच्या फळीवर. झबल्याचं सुती कापड, फिकट पिवळं, त्यावर निळे हत्ती. त्यातलं थोडं धुऊन गुरुदासने बरगडीला लावलं आणि मी वाट बघत राहिलो, कधी लावतोयस म्हणून, आणि तो म्हणतो, "लायलां कधीचां." आणि झबल्याची अक्कल तरी बघा, डोक्यातून घालायचं नाही, बटण नाही, काज नाही, बाजूला दोन बंद की झालं. जिने कोणी पहिलं झबलं शिवलं त्या बाईला दुखऱ्या माणसाचं सगळं ठाऊक असणार. मग बाळ जरा मोठं झालं की आपण त्याला कॉलर का लावतो?

जितेंद्र टेलरला फोन केला, एक झबलं शिवायचंय. "अरे वा, शेट, नातू झालो? वय काय बाळाचां?"

म्हटलं, अठ्ठावन्न.

पलीकडचं शिलाई मशीन थांबलं. मग हळूच, "महिने ना, शेट?"

शिवलं त्याने, पण झकास शिवलं. गळ्याला निळी किनार, हत्तींना जुळेल अशी निळी लुंगी, आणि तो खिसा. ही रोज धुवायची, दर धुण्याला ते आणखी मऊ व्हायचं. आरशात पाहिलं, तर खोटं कशाला बोलू, रुबाबदार दिसत होतो. आणि घरच्या घरात बघणार कोण?

काशीबाई. मिठबावच्या. हापूसच्या बागा, दांडगं खटलं, आणि त्यांच्या घरातल्या प्रत्येक लग्नाचा बस्ता, म्हणजे नवरीपासून मानकऱ्यांपर्यंत सगळं कापड, माझ्या आजोबांपासून आमच्याकडे. फक्त त्यांचा एक शिरस्ता, पहिलं कापड मालकाने स्वतःच्या हाताने द्यायचं, त्याआधी दुसऱ्या कापडाला कोणी हातसुद्धा लावायचा नाही. आता नात सृष्टी, तिचं लग्न ठरलेलं, आणि तिच्या आईचं, संचितावहिनींचं, मन कणकवलीच्या एसीवाल्या दुकानात अडकलेलं, हे मला कळलं होतं. मालकाचा हात नाही मिळाला की जीप सरळ कणकवलीला. एकदा गेलेला बस्ता परत येत नाही, तुम्हाला सांगतो, गेलेली बोट परवडली.

गुरुदास धावत वर. "शेट, मिठबावची माणसां इली. मालक खंय, विचारतत."

सदरा घालायला घेतला. एक बाही चढली आणि डोळ्यांतून पाणी. म्हटलं, त्यांनाच वर बोलव.

"अशेच?"

असाच.

आली मंडळी. सृष्टी ओढणी तोंडात कोंबून हत्तींकडे बघतेय. संचितावहिनी एकदम गोड आवाजात, "आई, यांना बरं नाही, आपण कशाला त्रास द्यायचा? कणकवलीलाच जाऊन येऊ." तो गोडवा नव्हे हो, ती जीप सुरू झाली होती. गुरुदासने खालून आणलेला शालू मी घाईघाईने उचलला, पुढे केला, काशीबाई, हात लावून बघा...

बाई शालूकडे बघतील तर शपथ. जवळ आल्या आणि दोन बोटांत माझी बाही धरली. "नागीण?"

म्हटलं, हो.

"माका गेल्या वर्सा झाली. पोलकां घालूक जमा नाय. महिनोभर दार लावन बसलंय, कोणाक तोंड दाखवूक नाय. अजून झोंबता." बाही चोळून बघितली. "पयलां कापड ह्यांच."

"आई," वहिनी पांढऱ्या पडल्या, "लग्नाच्या बस्त्यात पहिलं झबल्याचं कापड? व्याह्यांनी ऐकलं तर काय म्हणतील?" आता सृष्टीचंही हसू बंद.

"म्हणांदेत. तू शालू नेसान आजारी पड."

मला तर गगन ठेंगणं. गुरुदासला म्हटलं, हत्तींचं ठाण आण. काशीबाईंनी ते चिमटीत धरलं आणि बाजूला ठेवलं. "ह्यां कोरां. खळ आसा, टोचतलां." आणि बोट माझ्या छातीवर. "माका तां व्हया. धुवन धुवन मव झालेलां."

म्हटलं, अहो, हे माझ्या अंगावरचं...

"मगे? मालकाच्या हातातलांच व्हया ना?"

काय करता? बस्ता आजोबांचा, झबलं माझं, आणि खाली जीप उभी. मी हिच्याकडे पाहिलं, हिने खिडकीबाहेर. सोडले बंद. ही ते धुवायला घेऊन आत गेली, आणि काशीबाईंनी मग कुठे शालूला हात लावला, आणि वहिनी जिना उतरता उतरता गुरुदासला हळूच विचारतात, "त्या हत्तींत गुलाबी येतं का?" म्हणजे बस्ता राहिला.

तेवढ्यात काशीबाई वळल्या. "शेट, झबल्याचे किती?"

आता भाव करणं म्हणजे माझा हातखंडा, बाजारात कोणालाही विचारा. पण मी नुसत्या लुंगीवर, हाताची घडी घालून, पंख्याखाली झोंबत उभा. म्हटलं, द्या काय द्यायचं ते. उघड्या माणसाला घासाघीस करता येत नाही.