साडूच्या नावाचं पार्सल

पार्सल ऑफिसच्या रांगेत माझ्यापुढे एक नवराबायको उभे होते.

"अहो, ओळखपत्र हातात काढून ठेवा."

"माझं चालणार नाही. पार्सल साडूच्या नावावर आहे."

"भाऊजींच्या? ते का?"

"ऑनलाइन खरेदीत हल्ली माणसाची ओळखच चोरतात. म्हणून नाव, जन्मतारीख, फोन नंबर, सगळं त्याचं घातलं."

"आणि पैसे?"

"कार्ड तेवढं माझं. तिथं खोटं चालत नाही."

"म्हणजे चोराला हवं तेवढंच नेमकं खरं दिलंत! भाऊजींना विचारलंत तरी?"

"विचारलं तर गुप्त कसं राहील?"

"धन्य आहे तुमची! मागवलंत तरी काय?"

"सांगणार नव्हतो. तुझ्यासाठी शिलाई मशीन."

"अगं बाई! निळं? विजेवर चालणारं?"

"तुला कसं कळलं?"

"काल ताईचा फोन आला होता. भाऊजींनी पार्सल ऑफिसातून आणलं म्हणे. लग्नाला तीस वर्षं झाली, पहिल्यांदाच स्वतःहून काही आणलं म्हणून रडत होती बिचारी."

"अगं, पण त्यानं ते मागवलंच नाही! तसं सांगायचं नाही का तिला?"

"ती रडत असताना? तुम्ही सांगितलं असतंत?"

"मी आत्ता सांगतो. फोन दे."

"खबरदार! ताईनं कापडसुद्धा आणलंय. भाऊजींचा सदरा शिवायला घेतलाय."

"मग आता?"

"आता घरी चला. आणि पुढच्या वेळी चोरानं नेलं तरी चालेल, पण माझ्या वस्तूवर नाव तुमचं घाला."