मेणकापड

पुतणी: चहा इथेच घेणार की आत येणार, काका?

काका: इथेच. त्या चाकाच्या टोपीवर ठेव.

पुतणी: घर त्या भिंतीपलीकडे तर आहे.

काका: ठाऊक आहे. ती भिंत आम्हीच बांधली. निम्मी मी, निम्मी तुझ्या बापाने. त्याची बाजू बघ, अजून ओळंब्यात आहे. माझी फुगलीय.

पुतणी: 'तुझा बाप'. मी लहान होते तेव्हा तुम्ही त्यांना दादा म्हणायचात. मला आठवतं.

काका: तू लहान होतीस तेव्हा तुझं नाक सदा वाहायचं. तेही मला आठवतं. ती कात्री दे. ती नव्हे गं, बाकदार.

पुतणी: ही घ्या. काय दशा झालीय हो आतली. छत बघा, पांघरुणासारखं लोंबतंय.

काका: चिकटवलेला गोंद मेला की अस्तर लोंबतं. गाडी चालती असली तर टिकते. उभी ठेवली की आतून कुजते, माणसासारखीच. स्प्रिंगा गंजल्यात, काथ्याचा भुगा झालाय. पुढच्या सीटमध्ये उंदरांनी नातवंडं-पतवंडं पाहिलीत.

पुतणी: इंजिन मात्र ठणठणीत आहे. गॅरेजवाला येऊन सुरू करून गेला. म्हणाला, हिला काय धाड भरलीय?

काका: जुन्या गाड्या घेऊन, नीट करून विकायचो; इंजिन त्याचं, आतलं माझं, अशी वाटणी होती आमची. त्याने त्याचं जपलं.

पुतणी: अंथरुणाला खिळेपर्यंत रोज सुरू करायचे. शेडचं दार सताड उघडून, जागच्या जागी. माझ्या आठवणीत रस्त्यावर मात्र कधी काढली नाही.

काका: हं. हा खोकला कधीपासून असा आहे?

पुतणी: ऐकू येतो इथवर?

काका: भिंत निम्मी माझी आहे म्हटलं ना.

पुतणी: फुप्फुसांत पसरलंय सगळं. डॉक्टर म्हणाले, घरी न्या, आवडेल ते खायला घाला. डॉक्टरांनी आवडीचं खायला घाला म्हटलं की माणसाने काय ते समजायचं. रक्त पडतं अधूनमधून. एकदम जास्त पडलं तर लगेच घेऊन या म्हणालेत.

काका: आणि अशात ह्याला गाडी नटवायचं सुचलं.

पुतणी: एवढंच मागितलं त्यांनी. 'आतून नीट करून घे. दुसऱ्या कुणाचा हात लागू देऊ नकोस, त्यालाच बोलव. येणार नाही, पण बोलव.'

काका: आलो ना? घराची पायरी चढणार नाही, ते मी आधीच सांगितलंय. आता मागची सीट. हे कव्हर त्या टोकाला धर. ओढू नकोस, विरलंय.

पुतणी: हे खाली काय आहे? प्लास्टिक आहे का? अगदी चिकटून बसलंय. काका? अहो, काय झालं?

काका: मेणकापड आहे.

पुतणी: म्हणून आम्हाला मागे बसू देत नव्हते होय! आई म्हणायची, ह्यांना पोरांपेक्षा गाडी लाडकी. लग्नात मी हट्ट धरला होता, ह्याच गाडीतून सासरी जाईन म्हणून. तर अबोला धरला माझ्याशी. नवरीमुलीशी अबोला, बोला.

काका: हात काढ. मी सोडवतो.

पुतणी: ह्यावर काळं काय पडलंय?

काका: तुझी काकू.

पुतणी: काय?

काका: तुझ्या काकूचं आहे ते. ह्याच सीटवर होती.

पुतणी: हो, पण... बाबांनी गाडी उडवत नेली, तरी दवाखाना गाठता आला नाही. असंच ऐकत आलो आम्ही.

काका: उडवतच नेली. निघाल्यावर. निघायच्या आधीचं तुम्हाला कुणी सांगितलं नसेल.

पुतणी: सांगा.

काका: चहा गार होतोय.

पुतणी: होऊ दे. सांगा.

काका: दिवस भरत आले होते तिचे. अचानक रक्त जायला लागलं, थांबेना. तिला उचलून दारात आणलं. गाडी दारातच होती. सायीच्या रंगाचं कोरं चामडं, आदल्या संध्याकाळी शेवटचा टाका पडलेला. टाका तिनेच घातलेला. वाकता येत नव्हतं तर मांडीवर घेऊन शिवत बसली होती. सकाळी गिऱ्हाईक गाडी विकत न्यायला येणार होतं. तुझ्या बापाने मागचं दार उघडलं, तिच्याकडे बघितलं, सीटकडे बघितलं, आणि मला म्हणाला, 'थांब.'

पुतणी: कशाला?

काका: मेणकापड शोधायला गेला. शेडमध्ये नव्हतं, माळ्यावर होतं. मग शिडी आणली. शिडीला चढला. मी तिला हातांवर घेऊन उभा. ती मलाच समजावत होती, 'शिवण माझीच आहे हो, मी धुईन उद्या.' मग त्याने ते अंथरलं. बघ, कोपरे कसे खोचलेत. घाईतसुद्धा कोपरे खोचले त्याने.

पुतणी: बाळ?

काका: तिच्याबरोबरच. दवाखान्याचं फाटक दिसत होतं समोर.

पुतणी: आणि डॉक्टर? उशीर झाला म्हणाले?

काका: त्याने घड्याळाकडे बघितलं फक्त. आता हे बघ, मेणकापड सुटलं. खाली बघ काय आहे. एक थेंब उतरला नाही. सायीसारखं स्वच्छ. हे वाचवायचं होतं, ते वाचलं.

पुतणी: बाबा कधीच बोलले नाहीत.

काका: काय तोंडाने बोलणार? सकाळी गिऱ्हाईक आलं तर त्याला परत लावून दिलं. पुढे कुणालाच दिली नाही गाडी. घरातलं किडुकमिडुक विकलं, ही विकली नाही. प्रायश्चित्त असेल त्याचं. मी ते काय करू? पांघरू?

पुतणी: मग आलात कशाला?

काका: शिवण तिची आहे. दुसऱ्या कुणी कात्री लावून फराफरा उसवली असती. डावखुरी होती ना, टाका बघ उलट्या अंगाला झुकलाय. शिवताना एक गुणगुणायची. 'सुई गेली पुढं, दोरा तिच्या मागं, सुई हरवली तर दोरा कुणा सांगं...' मी म्हणायचो, हे कसलं गं रडकं गाणं. तर म्हणायची, दोऱ्याला कुठे कळतंय रडकं की हसरं.

पुतणी: द्या ते मेणकापड. जाळून टाकते.

काका: घडी कर आणि त्या खिळ्याला अडकव.

पुतणी: ठेवायचं आहे? कशाला?

काका: ज्याने खोचलं त्याच्या उपयोगी पडेल एक दिवस. खाली अंथरायला.

पुतणी: असं बोलवतं तरी कसं हो तुम्हाला?

काका: बोलवतं. मनात खूप घोकलंय. चल, सर बाजूला, उजेड अडवू नकोस.

(काही दिवसांनंतर. छताला नवं अस्तर आहे, दारांना नव्या गाद्या. मागची सीट आजच जागेवर बसली आहे.)

पुतणी: दाराच्या कडेचा हा गोट परवाच लावला होतात ना? काल उसवलात आणि आज परत तोच?

काका: वाकडा गेला होता.

पुतणी: मला तर सरळ दिसला.

काका: तुला गाडी चालवता येते, गोट कळत नाही. ज्याचं त्याने करावं.

पुतणी: खरं सांगू? काम संपवायचंच नाहीये तुम्हाला. दाराची मूठ तीनदा काढून बसवलीत. आणि आत तेही तसेच. तुमची हातोडी थांबली की डोळे उघडतात. 'गेला का?' मी म्हणते, नाही, जेवताहेत. मग पुन्हा मिटतात. काल तुम्ही लवकर गेलात तर रात्रभर भिंतीकडे तोंड करून पडले होते.

काका: त्याला सांग, हातोडी चामड्यासाठी आहे, त्याच्यासाठी नाही.

पुतणी: सांगते. तुम्हीच सांगा ना. एकदा आत या. बोलू नका हवं तर. उंबऱ्यात नुसते उभे राहा.

काका: उभा राहून काय करू? तेव्हाही उभाच होतो.

पुतणी: असं नका ना म्हणू, काका.

काका: रडू नकोस. चामड्यावर पाणी पडलं की पांढरे वळ उठतात.

पुतणी: जुनं चामडं कुठे आहे? फेकलंत?

काका: नाही. पत्र्यासारखं कडक झालं होतं, वर ठेवण्याजोगं नव्हतं. पण उसवायला बसलो तर हात चालेना. पहिल्या टाक्याशीच बसून राहिलो. मग तसंच ठेवलं, शिवणीसकट. त्यावर कापसाचा थर दिला आणि वरून नवं चढवलं. धंद्यात कुणी असं करत नाही. बैठक बोटभर उंच झालीय. कुणाला कळणार नाही.

पुतणी: रंगही तोच आणलात. सायीचा.

काका: दुसरा कुठला आणणार होतो? आता चारच खिळे राहिलेत. मग मी मोकळा. हे काय? आजचा खोकला वेगळा आहे. जा, बघ आधी. जा.

पुतणी: काका! काका, रक्त थांबत नाहीये. गुळण्यांसारखं येतंय. अँब्युलन्सला फोन केला, ती गावाच्या दुसऱ्या टोकाला गेलीय म्हणतात. वाट बघा म्हणतात.

काका: किल्ली कुठे आहे?

पुतणी: गाडीलाच. मला एकटीला उचलवत नाहीत, काका.

काका: चल. हो पुढे. कुठली खोली?

पुतणी: तीच. तुमची होती ती.

थोरला: कोण... कोण आलंय?

काका: मी. हात टाक गळ्यात.

थोरला: आत... आलास?

काका: बोलू नकोस. काय राहिलंय रे तुझ्यात, नुसती हाडं. पोरी, मागचं दार उघड.

थोरला: मागे नको. पुढे... बसतो.

काका: बसायचं त्राण आहे का? मागेच.

पुतणी: काका, थांबा. सगळं सांडतंय त्यांच्या अंगावरून. नवी सीट... ते मेणकापड घालते खाली, खिळ्यालाच आहे.

थोरला: घाल... घाल पोरी.

काका: आता कुणी थांबायचं नाही. स्टिअरिंगवर बस तू. मी ह्याच्यासोबत मागे बसतो.

पुतणी: पण काका, तुमचं इतक्या दिवसांचं...

काका: चालू कर म्हणतो ना. हां. फाटकातून डावीकडे घे. खड्डे बघून, पण दमानं नको.

थोरला: डाग पडतोय रे... खाली काहीतरी घाल.

काका: घातलंय, दादा. तिची शिवण आहे खाली. टेक डोकं.