गवताच्या माळावर दोन मुक्काम

जबाब. ता. १९/०२/१९९७, बुधवार, दुपारी बारा वाजता.

मी अंजनाबाई भाऊराव बिऱ्हाडे, वय ४४ वर्षे, धंदा घरी शिलाईकाम, शिक्षण सातवी, राहणार नवागाम, डिंडोली रोड, सुरत, मूळ राहणार तालुका एरंडोल, जिल्हा जळगाव. समक्ष चौकीत हजर राहून सांगते की, मला गुजराती लिहिता-वाचता येत नाही. लेखनिक हवालदार साक्रीकडचे आहेत, म्हणून माझे म्हणणे त्यांनी मराठीत लिहून घेतले आहे.

माझे पती भाऊराव रेल्वेत गँगमन होते. ते १९९१ साली वारले. त्यांची एक खिशातली डायरी माझ्याकडे आहे. उधन्यापासून नवापूरपर्यंत लाईनीच्या आजूबाजूला पिण्याचे पाणी कुठे आहे, सावली कुठे आहे, अशी टिपणे त्यांनी त्यात केलेली आहेत. एका पानावर सोनगडच्या पुढचा एक डोंगर आणि त्याच्या पायथ्याचा गवताचा माळ लिहिलेला आहे. त्याखाली 'झरा बारमाही, मुक्कामासारखी जागा' असे आहे. तिथे मी कधी गेले नव्हते.

मागच्या दिवाळीनंतर मी गल्लीतल्या बायकांपुढे विषय काढला की, आपण लग्नाला नाहीतर कुणाच्या मातीला, एवढ्याच कारणाने गल्लीबाहेर जातो. दोन दिवस डोंगरात जाऊन राहू. पहिल्यांदा सगळ्या हसल्या. शांताबाईंनी विचारले, "तिथं करायचं काय?" मी म्हणाले, "काही नाही करायचं." त्यावर त्यांनी आपले नाव सर्वांत आधी सांगितले.

तयारीला तीन महिने लागले. तंबू आम्ही स्वतः शिवले. लूमवरून, म्हणजे यंत्रमागावरून, उतरलेले कोरे पॉलिस्टर कापड, ज्याला इकडे ग्रे म्हणतात, त्यातले डागी तुकडे घेतले. पहिला तंबू छायाच्या गच्चीवर बांधला, आत छायाला बसवले आणि वरून दोन बादल्या पाणी ओतले. ती भिजली. मग शिवण उलटी घातली, वरून मेणबत्ती घासली. चौथ्या खेपेला छाया कोरडी बाहेर आली. असे तीन तंबू झाले.

गाड्यांच्या वेळा, जीप कुठून मिळते, कोणी काय आणायचे, हे सर्व योगिता वहीत लिहीत असे. योगिता ही फिर्यादी सुकदेव बोरसे यांची मुलगी, वय १७ वर्षे. दहावी झाल्यापासून ती घरी साड्यांचे धागे कापते. गुजराती पाट्या आमच्यात तिलाच वाचता येतात. परंतु जाणाऱ्यांच्या यादीत ती नव्हती. यादीत तिची आई उषाबाई होती.

शुक्रवारी ता. १४ रोजी संध्याकाळी उषाबाई माझ्याकडे आल्या. सुकदेव यांच्या कामाची पाळी बदलली होती, दोन्ही वेळचा डबा लागणार होता. उषाबाई म्हणाल्या, "मना जागावर योगिताले लई जाय, ताई. ती लिखस आनि आपन जातंस, हाई बरं नही." मी विचारले, "सुकदेवभाऊंना सांगितलंय का?" त्यांनी मान हलवली. ती मान होकाराची धरून मी योगिताला नेले. सुकदेव यांना मी स्वतः विचारले नाही. ही चूक माझी आहे, ती उषाबाईंच्या नावावर लिहू नये.

शनिवारी ता. १५ रोजी सकाळच्या पॅसेंजरने आम्ही सातजणी उधन्याहून निघालो. सोनगडला उतरलो, तिथून जीपने पाड्यापर्यंत गेलो आणि पुढे दीड मैल पायी. झरा डायरीत लिहिल्याप्रमाणे होता. पाणी वाहत होते. माळावर गवत कंबरेइतके उंच आणि पिवळे होते. पाड्यातल्या जमनाबेन गामीत यांनी आम्हाला झऱ्यापलीकडची उघडी, खडकाळ जागा दाखवली. तंबू तिथे लावले. दगड मांडून चूल केली ती वाळूत. स्वयंपाक झाल्यावर विस्तवावर पाणी ओतत होतो आणि मी राखेवर हात ठेवून पाहत होते. रविवारी दुपारीही हात ठेवून पाहिला होता. राख गार होती.

शनिवारी संध्याकाळी शांताबाई गवतात उताण्या पडून होत्या. त्यांना विचारले, "काय झालं?" त्या म्हणाल्या, "काही नाही. लूमचा आवाज थांबला." शांताबाईंच्या घराच्या भिंतीपलीकडे बावीस वर्षांपासून लूमचे खाते, म्हणजे कारखाना, आहे.

रविवारी ता. १६ रोजी दुपारी साडेतीनच्या सुमारास डोंगराच्या उतारावर धूर दिसला. आग कशाने लागली ते मला सांगता येत नाही. वारा पाड्याच्या दिशेने वाहत होता. त्या दिवशी आठवडी बाजार असल्याने पाड्यातली बहुतेक माणसे बाहेर गेली होती. म्हातारी माणसे आणि जमनाबेन एवढीच तिथे होती. गुरे गोठ्यात बांधलेली होती.

योगिता मला म्हणाली, "मावशी, मी सांगून येते." मी थांब म्हणाले नाही. ती पाड्याकडे पळत गेली.

आम्ही सहाजणींनी तंबू उपटून झऱ्यात टाकले. पॉलिस्टरवर ठिणगी पडली तर ते वितळून अंगाला चिकटते, हे आमच्या धंद्यातल्या प्रत्येकीला माहीत आहे. मग सुती गोधड्या ओल्या केल्या आणि माळाच्या कडेने गवतावर मारत गेलो. किती वेळ ते सांगता येणार नाही. उन्हे कलली तेव्हा माळाच्या अलीकडची आग विझली होती. पाड्याच्या बाजूने जमनाबेन आणि म्हातारी माणसे ओल्या डहाळ्यांनी मारत आली होती. गवताची एक गंजी जळाली. घर एकही जळाले नाही.

योगिता शेवटच्या गोठ्यात होती. पाड्यात वर्दी दिल्यावर ती परत फिरली नव्हती, गुरे सोडत होती. पळताना तिच्या चपलेचा अंगठा तुटला होता. शेवटची गाय बाहेर काढताना ती जळलेल्या जमिनीवरून अनवाणी गेली. दोन्ही तळपाय भाजले. तिला तशी पाहून माझे काय झाले ते या जबाबाशी संबंधित नाही.

पाड्यापासून जवळच्या उपकेंद्रातली नर्स संध्याकाळी आली. तिने मलमपट्टी केली आणि दोन दिवस हलवू नका म्हणून सांगितले. जमनाबेननी योगिताला आपल्या खाटेवर घेतले. छाया तिच्याजवळ थांबली. बाकी आम्ही पाचजणी सोमवारी ता. १७ रोजी परत निघालो, कारण घरी कळवणे जरुरीचे होते. मी मुलीला जंगलात टाकून आले असे फिर्यादीत लिहिले असल्याचे मला सांगण्यात आले. तसे घडलेले नाही.

सोमवारी संध्याकाळी मी घरी न जाता सरळ सुकदेव यांच्या घरी गेले. घरी उषाबाई एकट्या होत्या. त्यांनी सांगितले की, भीतीने त्यांनी सुकदेव यांना 'पोर मावशीकडे गेली' असे सांगितले होते आणि सोमवारी दुपारी ती मावशी, म्हणजे उषाबाईंची सख्खी बहीण, स्वतः दारात आली. सुकदेव चौकीत गेले होते. उषाबाई म्हणाल्या, "पोर कशी शे, तेवढं सांग." मी सांगितले. नंतर मी स्वतःहून चौकीत आले. सुकदेव बाकावर बसले होते. मुलगी भाजून पाड्यात आहे हे माझ्याकडून कळल्यावर त्यांनी फिर्याद लिहून दिली.

मंगळवारी ता. १८ रोजी सुकदेव, एक हवालदार आणि मी असे तिघे सोनगडला गेलो. गाडीत सुकदेव समोर बसले होते. व्यारा सोडल्यावर त्यांनी पहिल्यांदा मला विचारले, "रडली का ती?" मी म्हणाले, "पट्टी करताना रडली. आधी नाही."

पाड्यात जमनाबेननी सुकदेव यांना पाणी दिले आणि गोठ्यात नेले. गोठ्यात अकरा जनावरे होती. त्या म्हणाल्या, "भाई, आ बधां तमारी छोकरीए छोड्यां." म्हणजे ही सगळी तुमच्या मुलीने सोडवली.  सुकदेव यांनी एका गाईच्या पाठीवर हात ठेवला. नंतर ते घरात गेले. योगिता खाटेवर बसली होती आणि तिला उठता येत नव्हते. तिने मान खाली घातली. सुकदेव खाली बसले, तिचे पाय मांडीवर घेतले आणि पट्टीची गाठ सैल झाली होती ती नीट बांधली. ते म्हणाले, "मले सांगतीस तर मी नही म्हनतू. हाई खरं शे." पुढे म्हणाले, "म्हनीसन तू सांगं नही." म्हणजे मला सांगितले असतेस तर मी नाहीच म्हटले असते, म्हणून तू सांगितले नाहीस.

नर्सने पाय पाहून नेण्यास हरकत नाही असे सांगितले. जीपला वेळ होता. योगिताने वडिलांना माळ दाखवायचे आहे असे म्हटल्याने सुकदेव तिला पाठीवर घेऊन झऱ्यापर्यंत गेले. निम्मा माळ काळा झाला होता, निम्मा उभा होता. हवालदारांनी पंचनाम्यासाठी चुलीची जागा पाहिली. त्या खडकाळ जागेच्या चहूबाजूंना गवत शाबूत होते.

परतीच्या गाडीत योगिताने नर्सला किती शिकावे लागते याबद्दल वडिलांना काही सांगितले. त्यावर ते काय म्हणाले ते गाडीच्या आवाजात मला ऐकू आले नाही. खोटे सांगणार नाही. नंतर त्यांनी तिला खिडकीजवळ बसवले आणि दोघे उधना येईपर्यंत बोलत होते.

आज सकाळी सुकदेव यांनी आपली माझ्याविरुद्ध तक्रार राहिली नसल्याचे लिहून दिले आहे. योगिताला पंधरा दिवसांत चालता येईल असे इथल्या डॉक्टरांनी सांगितले आहे.

यापुढे अशा सहली काढणार का, असे साहेबांनी विचारल्यावरून सांगते की, काढणार आहे. गवत वाळलेले असताना जाणार नाही. पावसाळा सरल्यावर, दिवाळीच्या सुट्टीत, गवत हिरवे असताना जाऊ. मुलगी असेल तर आई-वडील दोघांना मी स्वतः विचारीन. प्रत्येकीजवळ दोन जोड चपला असतील. जळालेली गंजी भरून देण्यासाठी आम्ही सातजणी जमनाबेनकडे दोन दिवस गवत कापायला जाणार आहोत, तसे त्यांच्याशी बोलणे झाले आहे. पुढच्या सहलीसाठी आतापर्यंत अकरा नावे आली आहेत. त्यात लेखनिक हवालदारांच्या पत्नीचेही आहे, पण ते जबाबात नको असे हवालदार म्हणाले आणि मग स्वतःच लिहिले.

जबाब लिहून झाल्यावर हवालदारांनी तो मला मोठ्याने वाचून दाखवला. एका ठिकाणी 'योगिता पळून गेली' असे लिहिले होते. ते खोडून 'पळत गेली' असे करून घेतले. त्या खाडाखोडीवर मी सही केली आहे. बाकी सर्व मी सांगितले तसेच आहे.

सही
अंजनाबाई भाऊराव बिऱ्हाडे