साबणाने धुतलेलं पिल्लू

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आजच्या सत्कारमूर्ती आपल्या मावशी, आणि मघापासून जेवणाच्या दालनाकडे डोळे लावून बसलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

मला दोनच शब्द बोलायला सांगितलं आहे. पण जनावरांच्या डॉक्टरला बसून ऐकणारे श्रोते मिळतात कुठे? आमचे पेशंट एक तर पळतात, नाहीतर लाथ मारतात.

मावशी आपल्या हत्ती केंद्रात पिल्लांचं दूध तयार करायच्या. आई गेलेलं ते पिल्लू आलं, तेव्हा बाटलीला तोंड लावेना. मावशींनी त्याच्यावर स्वतःचं पांघरूण टाकलं, दोन शिव्या हासडल्या, आणि स्वारी घटाघटा प्यायली. तेव्हापासून ते त्यांच्या मागे मागे सगळीकडे. स्वयंपाकघरात, कचेरीत, एकदा तर थेट साहेबांच्या मीटिंगमध्ये. अध्यक्ष महोदय, आपली ती खुर्ची कशी मोडली, याचा आज उलगडा झाला असं समजावं.

पण माणसांत वाढलेला हत्ती धड माणसांचा राहत नाही, धड हत्तींचा. कळपाने त्याला घेतलं नसतं, तर जन्मभर साखळीच त्याच्या नशिबी होती. सगळी भिस्त थोरलीवर, म्हणजे कळपाच्या म्हाताऱ्या हत्तिणीवर. तिने घेतलं की बाकीच्या मुकाट्याने घेणार.

भेटीचा दिवस ठरला. आणि मावशींनी काय करावं? चारचौघांत जायचं म्हणून पिल्लाला सुगंधी साबणाने घासून न्हाऊ घातलं, वर कानामागे पावडर लावली! थोरलीने सोंड पुढे केली, वास घेतला, आणि अशी फुरफुरली की माझी टोपी उडाली. सगळा कळप पाठ फिरवून चालता झाला. पिल्लू एकटंच उभं राहिलं. वास मात्र छान येत होता.

हत्ती वासावरून आपलं-परकं ठरवतात, हे मी मावशींना समजावलं. मग काय, ज्या बाईने आमचे चिखलाचे बूट कधी उंबऱ्याच्या आत येऊ दिले नाहीत, ती रोज थोरलीची लीद बादलीत भरून आणायची आणि नाक मुरडत पिल्लाला चोळायची. बाटली दुसऱ्याच्या हातात दिली. स्वतः लांब उभ्या राहायच्या.

आणि एका सकाळी थोरलीने पुन्हा वास घेतला, त्याच्या तोंडात सोंड घातली, आणि त्याला ओढून पोटाखाली घेतलं. कळप निघाला. वळणावर पिल्लू थबकलं. मी हाक मारणार, तोच मावशींनी माझा दंड धरला.

"हाक मारू नका, डॉक्टर. मारली तर येईल ते."

ते गेलं. मग मावशी माझ्यावरच उखडल्या, मेल्याने एकदा वळूनसुद्धा बघितलं नाही म्हणून. आणि रडल्या. मीही रडलो, ते कुणाला सांगू नका.

आता मावशी मुलाकडे राहायला चालल्या आहेत. काल मला विचारत होत्या, इतक्या वर्षांनी सुनेच्या घरात मला सामावून घेतील का हो? मी म्हटलं, महिनाभर त्यांच्याच साबणाने आंघोळ करा.

असो. बोलू दिल्याबद्दल अध्यक्षांचे आभार, ऐकून घेतल्याबद्दल तुमचे. जिभेवरून काही वावगं घसरलं असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला.

आणि मावशी, तुम्ही फाटकातून निघालात की आमच्यापैकी कुणीही हाक मारणार नाही. मारली तर तुम्ही याल. तुम्ही फक्त वळणावर एकदा मागे बघा.